मदत हवी आहे: शाळा सुटली की मुलांचं इंग्रजीही सुटतं

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीतल्या लेकराच्या कानावर ते सात वर्षं पडलेलं असतं. तासाला माझी मुलं बोलतातही. घंटा झाली की संपलं.

गेल्या आठवड्यात बस थांब्यावर सातवीतल्या एका मुलीला मी सहज विचारलं, ‘व्हेअर आर यू गोइंग?’ तिला उत्तर येत होतं, ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात बाजूचा पोट्टा बोलला, ‘लय इंग्रजी झाडून रायली वं!’ तिनं मान खाली घातली. ‘मामाच्या गावाले, मॅडम.’ ते काही माझ्या मनातून जात नाही.

घरी इंग्रजी कोणाला येत नाही. फोन एकच, तोही बापासोबत वावरात. कापूस फुटला की सुटीच्या दिवशी लेकरं आईसोबत वेचायला. त्यामुळे ‘अ‍ॅप टाकून द्या’ हा सल्ला कृपया नको.

एक गोष्ट जमली. घरात इंग्रजी कुठे कुठे लिहिलेलं दिसतं ते वहीत उतरवून आणा म्हटलं. एकानं युरियाच्या पोत्यावरून ‘नीम कोटेड’ आणि ‘४५ केजी’ आणलं. नीम म्हणजे आपला कडुनिंब हे कळल्यावर वर्ग खूश. एका मुलीनं फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा तिरपा चौकोन काढला होता: खालचा अर्धा भाग लाल, वर कवटी आणि ‘पॉयझन’. तो डबा रिकामा झाल्यावर धुऊन घरात वापरायला ठेवला होता. तिनं अर्थ सांगितला आणि आईनं त्याच दिवशी तो घराबाहेर काढला. (डब्याला हात लावायचा नाही, लांबून वाचायचं, हे मी आता आधीच बजावते.)

पण हे झालं वाचणं. बोलणं कसं सुरू करू?

प्रतिसाद, पुसदहून (निवृत्त शिक्षक):
ताई, चौघांसमोर एकट्या लेकराला विचारू नका. एकाच गल्लीतल्या दोघी-दोघींची जोडी लावा. घरी जाताना रस्त्यानं तीनच वाक्यं, रोज. माझा एक विद्यार्थी बकऱ्या चारताना त्यांच्याशी इंग्रजी बोलायचा. ‘कम हिअर’, ‘डोन्ट गो देअर’. बकऱ्या हसत नाहीत. त्याची भीड तिथंच मोडली.

प्रतिसाद, वर्ध्याहून:
आमच्या घरी बाबा रेडिओवर मॅच लावायचे. आकाशवाणीवर थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी समालोचन. खेळ कुठवर आला ते हिंदीत कळलेलं असायचं, म्हणून इंग्रजी आपोआप उमगायचं. मग गल्लीत खेळताना भाऊ कॉमेंट्री करायचा, ‘अँड ही इज बोल्ड!’ त्याला कोणी चिडवलं नाही, उलट पोरं म्हणायची, अजून कर. खेळात इंग्रजी बोललं तर तो तोरा वाटत नाही, मॅडम.

धागाकर्ती:
सर, जोड्या सोमवारपासूनच लावते. आणि वर्ध्याच्या ताई, थांब्यावरचा तो पोट्टा दिवसभर बॅट घेऊनच फिरतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कॉमेंट्री त्यालाच करायला सांगते. माझ्या मुली मात्र कबड्डी खेळतात. कबड्डीच्या कॉमेंट्रीची सोपी दहा-बारा इंग्रजी वाक्यं कोणी इथे लिहून द्याल का? पहिली चढाई त्या बस थांब्यावरच्या मुलीची असते.