लोपबुरीची माकडं आणि तीन शिखरांचं देऊळ: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आईला घेऊन थायलंडला जाऊन आले. बँकॉकच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर लोपबुरी आहे. तिथलं फ्रा प्रांग साम योत हे ख्मेर (म्हणजे जुन्या कंबोडियातल्या) राजांच्या काळातलं देऊळ तिला बघायचंच होतं, कारण ‘त्या देवळात माकडं राहतात’ हे तिनं कधीतरी ऐकलं होतं. आम्हाला जेमतेम वीस-पंचवीस दिसली. येताना गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “घरची माणसं गावाला गेलेल्या वाड्यात शिरल्यासारखं वाटलं गं.”

तुमच्यापैकी जे आधी जाऊन आलेत, त्यांनी पाहिलेलं लिहा. लहान-मोठं सगळं चालेल, मी आईला वाचून दाखवणार आहे.

*

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २०१३ ते २०१९ बँकॉकला होतो. लोपबुरीला चारदा गेले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, खिडकी उघडी टाकून, भातशेती बघत. स्टेशनवर उतरल्यावर पहिल्यांदा माकडाचा पुतळाच भेटतो. देवळाजवळ तर विजेच्या तारा, दुकानांचे पत्रे, उभ्या गाड्यांची टपं, सगळीकडे तीच.

आईंना हे नक्की सांगा. दुसऱ्या खेपेला मी देवळाच्या पायरीशी बसले होते. एक माकडीण मागून खांद्यावर चढली, माझा एक लांब केस ओढून काढला आणि समोर जाऊन बसली. तो केस दोन्ही हातांत ताणून तिनं दातांच्या फटींतून फिरवला. समोर तिचं पिल्लू टक लावून बघत होतं. ती थोडं करायची, थांबायची, पुन्हा करायची. मी हललेसुद्धा नाही. पुढे कळलं की याच लोपबुरीच्या माकडांवरचा अभ्यास २००९ साली छापून आलाय. पिल्लू समोर असलं की माद्या दात साफ करताना जास्त वेळा थांबतात, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, एकूण वेळही जास्त घेतात. पिल्लांना शिकवण्यासाठीच हे असावं, असं अभ्यासकांना वाटतं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, रोज सकाळी मी तिला ब्रश कसा धरायचा ते दाखवत असे. मला तो अभ्यास वाचायच्या आधीच पटला होता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी माकडांची पंगत असते. १९८९ पासून. फळं, भाज्या, मिठाया टेबलांवर रचून ठेवतात. एकदा गेले, पण गर्दी माणसांचीच फार. पायरीवरची ती सकाळ मला जास्त मोलाची.

*

ताई, तुमच्या आईंना वाडा रिकामा वाटला, पण वाडा स्वतः फार मोठ्या घराण्याचा आहे, हेही त्यांना सांगा. मी नाशिकला तीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर पहिला प्रवास हाच केला.

‘प्रांग’ म्हणजे शिखर, ‘साम’ म्हणजे तीन. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला, ख्मेर राजा सातवा जयवर्मन याच्या काळातलं हे काम. कंबोडियातलं बायोन देऊळ ज्यानं उभारलं तोच राजा. हे मूळचं महायानी बौद्ध देऊळ. मधल्या शिखराखाली बुद्ध, बाजूंना करुणेचा बोधिसत्त्व लोकेश्वर आणि प्रज्ञेची देवी प्रज्ञापारमिता. एक मोठी गंमत कोकणातल्या वाचकांसाठी: बांधकाम जांभ्याचं आहे! जोडीला वाळूचा दगड आणि वर चुन्याची नक्षी. नक्षी जिथं गळून पडलीय तिथं आतला तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड दिसतो. रत्नागिरीचा माणूस हात लावताच ओळखेल. पूर्वेचा विटांचा विहार मात्र सतराव्या शतकातला, राजा नाराईचा.

आत गारवा असतो आणि वटवाघळांचा उग्र वास. माकडं शिरू नयेत म्हणून दारांना गज लावलेत. मी आत उभा, बाहेर गजांना धरून तीन पिल्लं माझ्याकडे बघताहेत. कितीतरी वेळ आम्ही एकमेकांना बघत होतो.

लोपबुरीचं जुनं नाव लवपुर, आणि हा लव रामाचाच मुलगा अशी समजूत आहे. दुसरी कथा तिथल्या रामायणातली, म्हणजे रामकियेनमधली: रामानं बाण सोडला, तो पडला ती भूमी हनुमानाला दिली. तिथल्या हनुमानाला बायका आहेत, हे ऐकून आमची ही दिवसभर अस्वस्थ होती. शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या घरातलं माणूस, तिला ते पचायला वेळ लागला.

(आणि ही ‘माकडं’च, ‘वानर’ नव्हेत. आपण काळतोंड्याला वानर म्हणतो. ही घारापुरीला दिसतात त्यांच्या कुळातली, लांब शेपटीची.)

*

सावधगिरीचं मी लिहितो. २०१८ साली हातातल्या पिशवीत केळी होती. पिशवी खुळखुळली आणि एकानं झेप घेतली. मी पिशवी घट्ट धरली, हीच चूक. मनगटावर दोन ओरखडे, रक्त आलं. सोबतचा मित्र म्हणाला, “एवढ्याशानं काय होतंय?” माझी बहीण कोल्हापूरला नर्स आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, “दादा, आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धू, मग बाकीचं बोल.” तिथल्याच सरकारी दवाखान्यात रेबीजची पहिली लस घेतली, तिसऱ्या दिवसाची बँकॉकला, सातव्या दिवसाची आणि उरलेल्या घरी येऊन. डॉक्टरांना माकडाचं नख लागलंय हे स्पष्ट सांगा, कारण या जातीच्या माकडांत रेबीजखेरीज बी व्हायरसही (माणसाच्या मेंदूला इजा करणारा, दुर्मिळ पण घातक विषाणू) असू शकतो. खाऊ नेऊ नका, त्यांनी काही ओढलं तर सोडून द्या, आणि दात दाखवून हसू नका. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा होतो.

*

मी लोपबुरीला गेलेले नाही, कंबोडियात अंगकोरला गेले. अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या ओवरीत लंकेचं युद्ध कोरलंय, राम हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडतोय. ते बघून डोळे भरून बाहेर आले, तर कडेला एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. एवढंच.

*

२०२२ मध्ये कामानिमित्त आठवडाभर लोपबुरीत होतो, त्यामुळे गावकऱ्यांची बाजू मांडतो. देवळासमोरच्या कितीतरी दुकानांना कुलपं. उघड्या दुकानांना जाळ्या, दारात माकडांना भिववायला खेळण्यातले वाघ नि मगरी. २०२० साली टाळेबंदीत पर्यटक आटले, खाऊ घालणारे हात गेले, तेव्हा भर रस्त्यात शेकडो माकडांची झुंबड उडाल्याचं सगळ्या जगानं पाहिलं. गोड सरबतं आणि केक खाऊन वाढलेले कळप ते, रानात पोट भरणं त्यांना कुठून जमणार?

मी जिथं रोज जेवायचो ती आजी पहाटे सान फ्रा कान देवळात हार घेऊन जायची. रेल्वेरुळांपलीकडचं ते काळदेवाचं देऊळ. मूर्ती चतुर्भुज विष्णूची आणि मस्तक मागाहून बसवलेलं. माकडं ही त्या देवाची लेकरं, असं लोक मानतात. आजीच्या पिशवीत हार असे आणि त्याच पिशवीत गलोलही असे. तिच्या नातवाला दोनदा चावा बसला होता.

म्हणून २०२४ ला धरपकड सुरू झाली तेव्हा मला राग आला नाही, वाईट फार वाटलं. एका बाईला माकडानं पाडून तिचा गुडघा निखळला, त्यानंतर अडीचेक हजार माकडं पकडायचं ठरलं. त्यांना मोठ्या पिंजऱ्यांत हलवलं. त्याच नोव्हेंबरात दोनशेएक माकडं पिंजऱ्यातून सुटली आणि पोलीस चौकीत शिरू बघत होती. ताई, तुमच्या आईंना देऊळ रिकामं दिसलं ते यामुळे.

*

सगळ्यांचं मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. केसाचं दोनदा वाचायला लावलं. गलोलीचं ऐकून म्हणाली, “त्या आजीचं बरोबरच आहे.” मग झोपताना हाक मारून विचारलं, “त्या पिंजऱ्यात पिल्लं आईजवळच ठेवलीत ना?”

कुणी ते पिंजरे बघून आलं असेल तर कृपया लिहा.