12 ते 14 च्या मुलांना कोरोनाची कॉर्बेव्हॅक्स लस दिली का? घरात एकमत होत नाहीये

साताऱ्याची_आई (एप्रिल 2022)
मुलगी सातवीत आहे, तेरावं सरलं. 16 मार्चपासून या वयाची लस सुरू झाली, शाळेतून संमतीपत्र आलं आणि ते तेव्हापासून फ्रीजला चिकटवलेलं तसंच आहे कारण मिस्टर सही करायला तयार नाहीत. आम्ही दोघांनी, सासूबाईंनीसुद्धा कोविशील्डचे दोन्ही डोस घेतले तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता, पण पोरीचं नाव निघालं की त्यांचं एकच, जानेवारीत तिला कोरोना झाला, दोन दिवस ताप येऊन बरी झाली, मग आता कशाला, आणि पुढे पाळीबिळीचा त्रास झाला तर कोण बघणार. खरं सांगू का, माझ्याही मनात येतंच, आजारानं काही झालं तर नशीब म्हणतो, लसीनं झालं तर सही आपली असते. ज्यांनी दिलीये त्यांनी सांगा प्लीज, व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड नकोत.

नाशिककर_बाबा
आम्ही दिली. पुरेशी मुलं जमल्याशिवाय वायल (बऱ्याच डोसांची एक बाटली) उघडत नाहीत, त्यामुळे बसावं लागलं बराच वेळ. हात दुखला, रात्री अंग कोमट, बाकी काही नाही. दुसरा डोस 28 दिवसांनी. रिकाम्या पोटी नेऊ नका, पोरं सुई बघूनच गळपटतात.

ओपीडी_संपली
ताई, मी बालरोगतज्ज्ञ. लसीचं नाव नवीन आहे, पद्धत नाही. विषाणूच्या काट्यातल्या प्रथिनाचा एक तुकडा यीस्टमध्ये तयार करतात, हेपॅटायटिस बी ची लस अशीच बनते आणि ती तुमच्या मुलीला बाळ असतानाच टोचलेली असणार. हृदयाला सूज आल्याच्या ज्या बातम्या फिरतायत त्या मुख्यतः फायझर-मॉडर्नाच्या लसींच्या, त्यातही तरुण मुलग्यांमध्ये आणि क्वचित, आणि त्या लसी आपल्याकडे दिल्याच जात नाहीत. पाळीचं म्हणाल तर मोठ्या बायकांमध्ये एखाद दिवस मागेपुढे झालेली दिसलीये, ती परत रुळावर येते. मिस्टरांचं एक बरोबर आहे, बहुतेक मुलांना सौम्यच होतो. पण कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तापाने फणफणलेली, डोळे लाल, अंगावर पुरळ, हृदयावर ताण आलेली मुलं मी तपासलीयेत, आधी अगदी ठणठणीत असलेली. अशी कमीच, पण कोणाच्या घरातलं ते आधी कळत नाही. जानेवारीत झालाय ना, मग तीन महिने भरले की द्या.

रोखठोक_पुणे (मे 2022)
मी नाही दिली आणि त्यासाठी कुणी मला अडाणी म्हणू नये. 2 मे ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की लस कोणावर लादता येणार नाही, आणि मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष लवकर जाहीर करा असंही सांगितलंय. ते आले की वाचून ठरवेन.

ओपीडी_संपली
दादा, निष्कर्ष मागणं तुमचा हक्कच आहे, मलाही हवेत. फक्त त्याच निकालात मुलांना लस देण्याचं धोरण जगभरातल्या तज्ज्ञांच्या मताला धरून आहे असंही म्हटलंय, तेही वाचा.

साताऱ्याची_आई
डॉक्टर, मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, हेपॅटायटिसचं ऐकून जरा गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या देवीची लस टोचणारे गावात आले की लोक पोरांना कणगीमागे लपवायचे, माझ्या आईने नाही लपवलं. शनिवारी नेतोय.

गोवंडीची_सेविका (डिसेंबर 2022)
जुना धागा वर काढतेय कारण आमच्याकडे गोवराने लहान मुलं दगावलीयेत. दारोदार फिरतो तेव्हा एकच ऐकू येतं, लॉकडाऊनमध्ये गावी गेलो, दवाखान्यात कोरोना होईल म्हणून नेलं नाही, मग राहूनच गेलं. काही जण तर एमआरची (गोवर-रुबेलाची) सुई म्हणजे कोरोनाचीच समजून दार लावून घेतात. कृपा करून घरातली कार्डं काढून बघा, नवव्या महिन्यानंतरचा पहिला डोस आणि 16 ते 24 महिन्यांतला दुसरा, दोन्हींवर तारीख आहे का. साथीच्या भागात 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना जादा डोसही मिळतोय, आधी घेतले असले तरी. कार्ड हरवलं म्हणून घरी बसू नका, तसंच घेऊन या, आम्ही नवीन करून देतो.