सगळ्या घरात एकच फरशी, आणि तीही चकाचक?

ओळंबा:
काल इथे 'पाषाणहृदयी' यांनी छातीठोकपणे लिहिलं, "नैसर्गिक दगड सोडून बाकी सगळी नाटकं. सबंध घरात एकच पांढरा मार्बल, सांधा दिसता कामा नये, आणि चकाकी अशी की तोंड दिसावं." खाली 'अगदी अगदी'ची रांग. म्हणून हा वेगळा धागा.

तोंड बघायला आरसा असतो हो. फरशीवर चालायचं असतं, कधी ओल्या पायांनी, कधी अंधारात, आणि एक दिवस म्हातारपणी.

मार्बल म्हणजे कॅल्साइट, मोहच्या मोजपट्टीवर कठीणपणा ३. चपलेला चिकटून येणारी वाळू बहुतेक क्वार्ट्झ, तिचा ७. म्हणजे रोज उंबऱ्यातून पॉलिश पेपर आत येतोय. दारापासून सोफ्यापर्यंत मंद पडलेली वाट कुठल्याही जुन्या मार्बलवर तिरप्या उजेडात बघा. आम्लाचा थेंब पडला तर तो डाग नसतोच, दगडच खाल्ला गेलेला असतो. पुसणार काय? त्यापेक्षा विट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते आणि लिंबाला भीक घालत नाही. खोलीत काय चालतं ते बघून फरशी ठरवा, एवढंच म्हणणं आहे.

पाषाणहृदयी:
मोहची मोजपट्टी घेऊन पाहुणे येतात का तुमच्याकडे? मार्बल मंद झाला की घासून पुन्हा उभा करता येतो. तुमच्या टाइलचा टवका उडाला की काय करता? छपाई वरच्या कातडीपुरती, आत निराळाच रंग. दुकानात गेलात तर ती शेड बंद झालेली. मग ती एक टाइल जन्मभर डोळ्यांत खुपते. आमच्या घरातला मार्बल माझ्या जन्माआधीचा आहे. बोला.

ओळंबा:
छपाई जीव्हीटीवर, म्हणजे वर काचेसारखा थर दिलेल्या विट्रिफाइड टाइलवर असते. डबल चार्ज, म्हणजे दोन थर एकत्र दाबून केलेली टाइल घेतली तर वरचा रंगाचा थर ३-४ मिमी जाड असतो. आणि घासून पुन्हा उभा करताना घरातलं सामान कुठे ठेवता? गच्चीवर?

खुबा_मोडलेल्या_आईची_लेक:
तुमचं चकाकीचं भांडण चालू द्या. माझी आई बाथरूमच्या दाराबाहेर घसरली. आत खडबडीत टाइल होती, बाहेर पाऊल टाकल्यावर गुळगुळीत. ओला पाय तर बाहेरच येतो ना? आतून बाहेर येताना पहिली दोन पावलं कुठे पडतात, हे कुठलाही डिझायनर बघत नाही. आर९ ते आर१३ असे घसरणीचे वर्ग असतात, आर९ सगळ्यात कमी पकडीचा. दुकानदाराला विचारलं तर तो डिझाइनचा नंबर सांगायला लागला. टाइल घेताना तिच्यावर पाणी ओता, अनवाणी उभ्या राहा, मग पैसे द्या. लोक बोट फिरवून बघतात आणि 'मस्त' म्हणतात. बोटाने चालता का?

पाषाणहृदयी:
ताई, आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण गुळगुळीत टाइल होती ना ती? मार्बल नव्हता.

खुबा_मोडलेल्या_आईची_लेक:
वा. म्हणजे पॉलिश केलेला मार्बल ओल्या पायाला धरून ठेवतो? ठेवा तुमचा दगड तुमच्यापाशी.

मिस्त्री_तिसरी_पिढी:
दगड की टाइल यावर सगळे तुटून पडलेत, खाली काय आहे ते कोणी विचारत नाही. चार कोपरे आणि मध्ये एक, असे मसाल्याचे पाच ठिपके ठेवून टाइल दाबणारे महाभाग आहेत. नाण्याने टकटक करा, पोकळ वाजेल. त्यावर कपाटाचा पाय आला की तडा. मग म्हणायचं टाइल हलकी होती. पांढरा मार्बल करड्या सिमेंटवर बसवला की खालून काळपट झाक येते, शिव्या मात्र दगडाला.

आणि 'सांधा नको' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना दंडवत. टाइलांमध्ये फट राखणारे स्पेसर माझ्यासमोर काढून फेकलेत लोकांनी. तापमान बदललं, स्लॅब हलला की टाइलला सरकायला जागा लागते. नसेल तर एक दिवस 'धाड' आवाज होतो आणि दोन टाइला एकमेकींवर रेलून उभ्या.

सांध्यांची_शिकार:
मिस्त्रीसाहेब, सांधा ठेवला की काळा पडतो, त्याचं काय? मी दात घासायच्या ब्रशने ओट्यासमोरचे सांधे घासते. तुम्ही याल का घासायला?

मिस्त्री_तिसरी_पिढी:
सांध्यात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनचा मसाला भरा. पाणी पीत नाही.

सांध्यांची_शिकार:
भरलं होतं! तुमच्यासारख्याच एका तज्ज्ञाने. वेळेत पुसलं नाही, थर टाइलवर सुकला. अजून संध्याकाळच्या उन्हात सगळी फरशी धुरकट दिसते. तुम्ही सगळे मिस्त्री एकाच माळेचे मणी.

मिस्त्री_तिसरी_पिढी:
जीभ आवरा. इपॉक्सी भरताना पाच-सहा टाइला भरायच्या, पुसायच्या, मग पुढे. 'आज संध्याकाळपर्यंत उरका, उद्या सामान येतंय' असं त्याला कोणी सांगितलं होतं?

सांध्यांची_शिकार:
...सामान खरंच येणार होतं. तरी पुसणं त्याचं काम.

अनवाणी:
लाकडाचं नाव कोणीच काढत नाही? दगड आणि लाकूड एकाच खोलीत असले तर दोन्हींचं तापमान सारखंच. दगड पायातली उष्णता भराभर ओढतो म्हणून गार लागतो. झोपायच्या खोलीत लाकूडच हवं.

ओळंबा:
खरं लाकूड की लॅमिनेट? लॅमिनेटच्या सांध्यात पाणी गेलं की आतला दाबलेला भुसा फुगतो, कडा वर येतात.

अनवाणी:
मग एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली पट्टी घाला, ती फुगत नाही.

मिस्त्री_तिसरी_पिढी:
पट्टी फुगत नाही, कबूल. पण खाली शिरलेलं पाणी तिथेच कुजतं. आणि खालचा कोबा सपाट नसेल तर पट्टी पावलागणिक दबते, शेवटी पट्ट्या एकमेकींत अडकवणारं कुलूप तुटतं. परत तिथेच आलो.

पाषाणहृदयी:
ठीक आहे बाबांनो. बाथरूम, त्याच्या दारासमोरची जागा आणि ओटा, इथे मार्बल नको. झालं समाधान? आता ओळंबासाहेबांचा सत्कार ठेवू. पण हॉलमध्ये मार्बलच, आणि सांधा १ मिमी.

खुबा_मोडलेल्या_आईची_लेक:
दारासमोरची जागा आठवली, नशीब.

मिस्त्री_तिसरी_पिढी:
मार्बलच्या मोठ्या लाद्यांना १ मिमी चालून जाईल, भिंतीलगत जागा सोडलीत तर. ती स्कर्टिंगखाली झाकते. टाइलला मात्र २ च्या खाली मी हात लावत नाही. त्याहून कमी हवा असेल तर मिस्त्री दुसरा बघा.

सांध्यांची_शिकार:
आणि ते २ मिमी घासणार कोण, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.