मदत हवी आहे: काल्पनिक जगातलं छोटं बंदरराज्य शेजारच्या साम्राज्यापुढे टिकेल कसं?

नमस्कार मंडळी,

एक मोठी कादंबरी लिहायला घेतली आहे. अद्भुतकथा म्हणा हवं तर, पण तिच्यात जादू नावापुरती. राज्यं, घाटवाटा, बंदरं, जकाती आणि तह यांचीच गोष्ट जास्त. जगाचा नकाशा काढून झाला आहे, पहिल्या भागाचा कच्चा खर्डाही तयार आहे. एका प्रश्नावर मात्र अडले आहे, आणि तो सुटल्याशिवाय पुढे लिहायला मन घेत नाही. इथे इतिहास, भूगोल आणि गडकिल्ल्यांत मुरलेली माणसं आहेत, म्हणून विचारते.

आधी जग सांगते. पश्चिमेला समुद्र. किनाऱ्याची पट्टी अरुंद, दोन दिवसांच्या चालीची. तिचं नाव सिंधोळ. पाच खाड्या, पाच बंदरं. इथे राजा नाही. तारवांचे मालक, बडे व्यापारी आणि मिठागरवाले यांची सभा कारभार पाहते. पट्टीच्या पूर्वेला काळकडा ही डोंगररांग. तिच्यात चारच खिंडी, आणि त्यांतून जाते ती बैलांच्या तांड्यांची वाट, गाडीची नव्हे. खिंडी रानोळे नावाच्या डोंगरी घराण्यांच्या ताब्यात आहेत. डोंगरापलीकडे पठार, आणि पठारावर नंदवरचं साम्राज्य: लाखाची फौज, त्यात चाळीस हजार घोडा. धवला नदी काळकड्यात उगम पावते, पण पाठ समुद्राकडे करून पूर्वेला जाते. (ही गोदावरीवरून घेतली. त्र्यंबकेश्वर अरबी समुद्रापासून ८०-एक किलोमीटरवर, आणि नदी मात्र १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.) पूर्वेच्या टोकाला तांबरपूर, नंदवरचं जुनं वैरी. दोघांच्या मधला सुपीक दुआब दर पिढीला या हातातून त्या हातात जातो.

आता अडचण. कथेसाठी सिंधोळ दोनशे वर्षं स्वतंत्र राहायला हवं. वाचक मला विचारणारच, की नंदवरचा सम्राट वीस हजार माणसं खिंडीतून उतरवून एका हिवाळ्यात पाचही बंदरं का घेत नाही? ‘किल्ले अभेद्य होते’, ‘माणसं शूर होती’ ही उत्तरं मला नको आहेत. शौर्य दोन्ही बाजूंना असतंच. मला कारण हवं ते जमिनीत, पाण्यात, पावसात आणि पैशात मुरलेलं. गादीवरचा माणूस बदलला तरी जे बदलत नाही असं.

पाऊस मी सह्याद्रीसारखाच ठेवला आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि पूर्वेला माण-खटावात जेमतेम पाचशे, तसाच उतार काळकड्याच्या दोन्ही बाजूंना. पण एवढ्या पावसाच्या पट्टीत धान्य पुरेसं पिकेल का? एक बंदर बेटावर आहे, जंजिऱ्याच्या धर्तीवर. ते एकटं सगळ्या राज्याला वाचवू शकेल का? आणि रानोळ्यांनी कोणाच्या बाजूनं असावं?

जे सुचेल ते लिहा. नावांवर चर्चा नको, ती मी पक्की केली आहेत.

— नकाशावाली

घाटवाट_पायवाट

रानोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या नकाशातली सगळ्यात मोलाची जागा त्यांच्याकडे आहे.

मोठी फौज अनोळखी घाटात उतरवणं म्हणजे काय याचं उत्तम उदाहरण म्हणजे फेब्रुवारी १६६१ ची उंबरखिंड. शाइस्तेखानानं पाठवलेला कारतलबखान बोरघाटाच्या बाजूनं कोकणात उतरायला निघाला. अरुंद खिंड, दोन्हीकडे झाडी, वर शिवाजी महाराजांची माणसं. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. फौज मोठी होती हीच तिथे अडचण झाली. शेवटी सामानसुमान टाकून, शरण येऊन सुटका करून घ्यावी लागली.

पण नुसत्या खिंडीवर विसंबू नका. खिंड राखणारा माणूस कोणाचा, हा खरा प्रश्न. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा आदिलशाहीचं फर्मान मावळातल्या सगळ्या देशमुखांना सुटलं होतं. कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. डोंगर तोच, घाट तोच, निवाडा घरागणिक वेगळा. म्हणून रानोळ्यांची एकच एक बाजू ठरवू नका. चार खिंडी आहेत ना? चार घराणी करा. प्रत्येकाला आपलं वतन आणि आपली जकात प्यारी. सिंधोळकडून त्यांना तांड्यामागे ठरावीक रक्कम मिळते. नंदवरनं किनारा घेतला तर डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकच धनी होईल, मग घाटातली जकात देणार कोण? तो आपला ठाणेदार बसवेल. रानोळ्यांना हे न सांगताही कळतं. जमलं तर एकदा नाणेघाट चढून या. वर सातवाहनांचे लेख आहेत, आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजणही. पाहिलात की प्रसंग आपोआप सुचतील.

दर्यावर्दी

तुमचं उत्तर पंचांगात आहे.

सह्याद्रीसारखा पाऊस घेतलात, तर त्याचं वेळापत्रकही घ्यायला हवं. पावसाळा लागला की आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या खुला. शिडाच्या जहाजांच्या काळात तर या महिन्यांत पश्चिम किनारा बंदच असे. आणि फौजा कधी निघत? दसऱ्याला, सीमोल्लंघन करून. तेव्हा नद्यांचं पाणी उतरलेलं, वाटा सुकलेल्या, जनावरांना चारा उभा. पुन्हा ज्येष्ठ आला की परत छावणीला.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. नंदवरची फौज घाट उतरून वेढा घालू शकते ती आश्विन ते वैशाख. नेमके तेच महिने समुद्र खुला, म्हणजे बंदराला धान्य, दारूगोळा, माणसं सगळं पाण्यावरून येतं. समुद्र बंद होतो आणि बंदर खरोखर कोंडलं जातं ते आषाढ-श्रावणात, पण तेव्हा घाटांतून बैलसुद्धा उतरत नाही. आधी उतरून राहिलेली फौज असेल तर ती चिखलात, तापानं फणफणत, रसद तुटलेली. जमिनीवरचा वेढा आणि बंद समुद्र वर्षात कधी एकत्र येतच नाहीत. गादीवर कोणीही असो, हे बदलायचं नाही.

धान्याचं म्हणाल तर भात पिकेल, पण पुरणार नाही. उतार फार, सपाट जमीन थोडी, खाडीकाठ खारा. सिंधोळला पठारावरून किंवा जहाजानं धान्य आणावंच लागेल. ते तसंच ठेवा. स्वयंपूर्ण राज्याला राजकारण करावं लागत नाही.

रोखठोक

वेळापत्रक पटलं. पण त्यात गृहीत धरलंय की समुद्र सिंधोळचाच आहे. नंदवरनं दुसऱ्या कोणाचं आरमार भाड्यानं घेतलं तर? आश्विनात वर फौज आणि खाली आरमार, चैत्राच्या आत खेळ खलास.

हे घडलेलं आहे. इराणच्या आखातात तोंडाशीच होर्मुझ बेट. व्यापारानं गबर झालेलं, पण बेटावर गोडं पाणी नाही. पोर्तुगीजांनी ते शंभर वर्षांहून जास्त धरून ठेवलं. इराणचा बादशहा शाह अब्बास याच्याकडे जमिनीवर काय वाटेल ती ताकद होती, आरमार नव्हतं. १६२२ मध्ये त्यानं इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सोबत घेतली. आधी शेजारचं किश्म बेट घेतलं, जिथून होर्मुझला पाणी येई, आणि मग होर्मुझ पडलं. इंग्रजांना बदल्यात बंदराच्या जकातीत वाटा मिळाला. पुढे व्यापार समोरच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासला गेला आणि होर्मुझ ओस पडत गेलं.

तेव्हा बेटावरच्या बंदरात पाणी कुठून येतं ते आधी ठरवा. जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, म्हणून तो जंजिरा.

नकाशावाली

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद वाचून कालपासून डोक्यात दुसरं काही नाही. एवढी वर्षं नारळी पौर्णिमा आणि दसरा दोन्ही साजरे केले, पण ते असे एकमेकांसमोर ठेवून पाहावेत असं कधी मनात आलं नव्हतं. घाटवाट, चार घराणी करतेच आहे. त्यातलं एक फुटणार हेही ठरलं.

रोखठोक यांच्या प्रश्नाला उत्तर हवं आहे. भाड्याचं आरमार दोनशे वर्षं कोणाला सुचलंच नाही असं मी लिहू शकत नाही. शिवाय जंजिऱ्याबद्दल कोणी सविस्तर सांगेल का?

दगडी_बुरूज

जंजिरा नुसत्या तटांवर टिकला नाही. सिद्दी आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे चाकर, आणि १६७० च्या सुमाराला मोगलांचे. मागे कोणीतरी मोठा असेल असं ते कायम पाहत आले. महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमाराला किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव घालायला घेतला होता, पण मोगली फौज कोकणात उतरली आणि त्यांना परतावं लागलं. म्हणजे बेटाला वाचवलं ते बेटापासून कित्येक कोसांवर उघडलेल्या दुसऱ्या आघाडीनं. सिद्दींचं राज्य थेट १९४८ पर्यंत चाललं.

तुमचं तांबरपूर याच कामाला लावा. कृष्णा-तुंगभद्रेमधल्या रायचूर दुआबासाठी विजयनगर आणि बहामनी, नंतर आदिलशाही, पिढ्यान्‌पिढ्या भांडले. नंदवरची निम्मी फौज दुआबात अडकलेली असेल, तर सिंधोळकडे वीस हजार पाठवणं त्याला परवडत नाही.

आणि ते चाळीस हजार घोडे येतात कुठून? दख्खनेत चांगला घोडा नेहमी बाहेरून आणावा लागला. विजयनगर आणि बहामनी दोघंही अरबी-इराणी घोडे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून घेत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवायचा प्रयत्न केला तो उगीच नाही. सिंधोळला फक्त एवढंच करायचं आहे, यंदा घोडे नंदवरला जास्त द्यायचे की तांबरपूरला, हा निर्णय आपल्या हातात ठेवायचा.

अड्रियातिकची_सफर

तुम्हाला हवं तसं राज्य युरोपात खरोखर होऊन गेलं आहे: रागूसा, म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोवनिक. शहर एवढंसं, पाठीशी डोंगर, डोंगरामागे उस्मानी साम्राज्य, समुद्रात व्हेनिस. १४५८ पासून त्यांनी सुलतानाला खंडणी द्यायचं कबूल केलं. पुढे ती वर्षाला १२,५०० दुकात (सोन्याची नाणी) अशी ठरली. बदल्यात सुलतानाच्या मुलखात व्यापाराच्या सवलती, आणि कारभार स्वतःचा. उस्मानांनी ते गिळलं का नाही? कारण गिळलं असतं तर ते आणखी एक उस्मानी बंदर झालं असतं, आणि ख्रिस्ती बंदरांशी बिनबोभाट चालणारा व्यापार थांबला असता. रागूसा तटस्थ असण्यातच सुलतानाची कमाई होती. नेपोलियनच्या फ्रेंचांनी १८०८ मध्ये ते प्रजासत्ताक बरखास्त केलं, म्हणजे साडेतीनशे वर्षं निघाली. तुम्हाला तर दोनशेच हवी आहेत.

दोन गोष्टी तुमच्या कथेसाठी खास. त्यांचा प्रमुख एकाच महिन्यासाठी निवडला जाई, आणि त्या महिन्यात त्यानं राजवाड्यात राहायचं, कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. कोणी एक घराणं डोक्यावर बसू नये म्हणून. तुमच्या सभेला असा काहीतरी नियम द्या. दुसरी, उस्मान आणि व्हेनिस यांच्या १६९९ च्या तहाच्या वेळी व्हेनिसची हद्द आपल्याला भिडू नये म्हणून रागूसानं आपल्या मुलखाच्या दोन टोकांच्या पट्ट्या उस्मानांना देऊन टाकल्या. त्यातल्या निऊमच्या पट्टीमुळे आजही बोस्नियाला सुमारे २० किलोमीटर समुद्रकिनारा आहे आणि क्रोएशियाची भूमी मध्येच तुटते. तो तुकडा टाळून जाता यावं म्हणून बांधलेला पेलेशाक पूल २०२२ मध्ये खुला झाला. आपली जमीन देऊन मधे तिसऱ्याला बसवणारे मुत्सद्दी मला फार आवडतात. तुमच्या नकाशावर असा एखादा विचित्र तुकडा दिसला, तर वाचक स्वतःच विचारेल की हा इथे का.

मिठागरं तुम्ही नुसती उल्लेखून सोडली आहेत. रागूसाचं मोठं उत्पन्न स्तोनच्या मिठागरांतून येई. तिथून मीठ डोंगरापलीकडे जाई, आणि त्या गावाभोवती त्यांनी साडेपाच किलोमीटरची तटबंदी बांधली होती. नंदवरच्या पठाराला मीठ कुठलं?

नकाशावाली

पठाराला मीठ सिंधोळचंच. तांडे मीठ घेऊन वर जातात आणि धान्य घेऊन खाली येतात, एवढं मी लिहिलं होतं. आता मीठ, घोडा आणि धान्य तिन्ही एकाच तहात बांधते. खंडणीही देते. सिंधोळच्या सभेत दर वर्षी खंडणीवरून वाद होईल, आणि दर वर्षी ती दिली जाईल.

राहिलं ते आरमार. कथेच्या शेवटी सिंधोळवर संकट यायचंच आहे, आणि ते समुद्रातूनच यावं असं आता वाटतं. पण मग आधीची दोनशे वर्षं ते का आलं नाही?

दर्यावर्दी

कारण भाड्याच्या आरमाराला पावसाळ्यात राहायला जागा लागते. चार महिने उघड्या किनाऱ्यावर जहाजं उभी करता येत नाहीत, खाडीच लागते. १६७० नंतरच्या वर्षांत सिद्दीचं आरमार पावसाळ्याला मुंबईत येऊन राही. इंग्रजांना मोगलांमुळे नाही म्हणवेना, आणि हो म्हणावं तर महाराजांचा रोष. फार कचाट्यात सापडले होते.

तुमच्या किनाऱ्यावर खाड्या पाचच, आणि पाचही सिंधोळच्या. परकं आरमार एका मोसमात काम उरकू शकलं नाही तर त्याला परत जाणं भाग. एका मोसमात पाच बंदरं पडत नाहीत. दोनशे वर्षं कोणी हा सौदा केला नाही तो यामुळे. आता पाचांपैकी एका बंदरानं, सभेत सतत हरणाऱ्या, खंडणीचा सगळ्यात जड वाटा उचलणाऱ्या बंदरानं, ज्येष्ठात आपली खाडी त्यांना उघडून दिली, तर पुढच्या आश्विनात आरमार आधीच आत असेल. ते बंदर कोणतं ते तुम्ही ठरवा. बेटावरचं नको, ते सगळ्यांना आधीच सुचेल.

नकाशावाली

सगळ्यात दक्षिणेचं, मिठागरांचं. त्याच्या वरची खिंडही फुटणाऱ्या रानोळ्यांचीच आहे. त्या बंदराच्या सभासदाचं प्रकरण आज लिहायला घेते. मिठावरची जकात कोण गोळा करी, बंदरात की खिंडीत, याबद्दल कोणाला नीट माहीत असेल तर कृपया लिहा, धागा चालू ठेवते आहे.