मदत हवी आहे: छोट्या चाकूचं म्यान, शनिवारच्या आत

रानवाट
नमस्कार मंडळी. रानात न्यायला छोटा चाकू घेतलाय, म्यान मी स्वतः शिवलं. रविवारी इंदूरजवळ जानापावच्या डोंगरावर गेलो होतो, उतरताना पावसानं गाठलं. खाली येऊन बुटाची नाडी बांधायला वाकलो तर चाकू म्यानातून सटकला आणि बुटापासून दोन बोटांवर मातीत रुतला. घरी बॅग तशीच ठेवली. आज काढला तर पात्यावर तपकिरी ठिपके. फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या ठिणगीच्या कांडीवर, पात्याची पाठ घासली तर ठिणगीही नाही. शनिवारी चोरलला दोन दिवस जातोय, सोबत बारा वर्षांचा भाचा आहे. काय बदलू? लवकर सांगा.

लोहामंडीवाला
स्टील कोणतं? पातं किती? चामडं कुठलं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मनोहरकाका
दगड आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवावा. दोन्ही बाजूंना सारखे हात द्यावेत, कोन बदलू नये. माझी विळी वीस वर्षं अशीच चालतेय.

रानवाट
काका, धार उत्तम आहे, धारेचा प्रश्नच नाही.
स्टील कार्बन, पातं चार इंच, रुंदी इंचाला थोडी कमी. चामडं सोफेवाल्याकडून आणलेला तुकडा, काळा, मऊ.

टाका_टोचा
तुमचं दुखणं इथेच आहे. त्या तुकड्याची कड ब्लेडनं ताजी कापून बघा. आतून निळसर करडी दिसली तर ते क्रोमनं कमावलेलं आहे. त्यात राहणारे क्षार ओल मिळाली की लोखंडाला खातात. आणि ते चामडं भिजवून कितीही दाबा, आकार धरत नाही, म्हणून चाकू सैल राहतो. गंज आणि सटकणं, दोन्हीचं मूळ एकच. म्यानाला साल-हिरड्यानं कमावलेलं चामडं लागतं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं. मोच्याकडे तळव्याचं चामडं मागा. कोमट पाण्यात भिजवा, चाकू प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, बोटांनी मुठीच्या गळ्याशी दाबून आकार काढा, सावलीत वाळवा.
शिवणीत मधली पट्टी घातलीय का?

रानवाट
कसली पट्टी?

टाका_टोचा
दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूनं, चामड्याचीच पट्टी. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर घासते. आत्ता टाके बघा.

रानवाट
बघितले. खालचे तीन टाके तुटलेत.

कायडेक्स_भक्त
चामड्याचा नादच सोडा. कायडेक्सची, म्हणजे तापवल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकची, शीट गरम करा, चाकूवर दाबा, संपलं. पाणी पीत नाही, उलटं धरलं तरी चाकू पडत नाही.

टाका_टोचा
शीट आजच्या आज कुठून आणणार ते? आणि कायडेक्समध्ये वाळू अडकली की पात्यावर ओरखडेच ओरखडे.

कायडेक्स_भक्त
ओरखडे चालतील, पायात घुसलेला चाकू चालणार नाही. आणि तुमच्या हिरड्याच्या चामड्यानंही लोखंड काळं पडतंच की.

टाका_टोचा
काळं पडतं, ते खरंय. म्हणून घरी आल्यावर चाकू म्यानात ठेवायचाच नाही. हे दोन्ही म्यानांना लागू.

लोहामंडीवाला
भांडू नका, त्याच्या हातात दोनच दिवस आहेत. आणि या हवेत तळव्याचं चामडं दोन दिवसांत वाळणार नाही. रानवाट, सियागंज बाजारातून वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप आणा. पात्यावर कागदी टेपचे दोन थर द्या. गॅलरीत, हीट गननं लांबून पाइप मऊ करा, जाळू नका, धूर घातक असतो. पातं आत घालून दोन फळ्यांमध्ये दाबा, गार झाल्यावर काढा. मुठीचा गळाही अर्धा इंच आत जाऊ द्या, पकड तिथेच येते. टोकाशी पाणी निघायला भोक पाडा.

सविता_ताई
हे सगळं ठीक, पण बारा वर्षांच्या मुलाच्या हातात चाकू देणार आहात का?

रानवाट
ताई, देणार, पण माझ्यासमोरच. बसून, कोपरं गुडघ्यांच्या पुढे, पातं अंगापासून दूर. देताना मूठ पुढे. बहिणीला विचारलंय.

पोलीस_लाइन
कायद्याचंही बघा. आर्म्स रूल्स २०१६ मधल्या शस्त्रांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती येतात. तुमचं त्यात बसत नाही. तरी गावात कमरेला लावून फिरू नका.

मनोहरकाका
कालाकुंडला हेरिटेज गाडीनं जा, पावसात घाट सुंदर दिसतो.

रानवाट
काका, गाडीचं नंतर. ठिणगीचं कोणी सांगेल का?

भौतिक_मास्तर
रॉड नवा आहे का? वरचा काळा लेप खरवडलात?

रानवाट
लेप असतो? नाही खरवडला.

भौतिक_मास्तर
आधी तो काढा. रॉडचा मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये पेटंट केला, त्यात सेरियम असतं. खरवडून निघालेला कण हवेत स्वतःच पेटतो, म्हणून पाठीला काटकोनी कड हवी. तुमची पाठ गोल असेल तर कानशीनं सपाट करा.

लोहामंडीवाला
ग्राइंडरवर नको! पातं छोटं आहे, उष्णता लगेच धारेपर्यंत जाते. धार निळी झाली तर स्टीलचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा. धारेवर जाड टेप लावा आणि कानस हातानंच मारा.

सविता_ताई
ठिपक्यांना बारीक पॉलिश पेपर आणि तेल. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, फळ कापलं तरी चालतं. खोबरेल आपल्याकडे थंडीत गोठतं.

रानवाट (शुक्रवार रात्र)
पाइपचं म्यान झालं. पहिला पाइप जास्त तापवला, तपकिरी पडला, टाकून दिला. दुसऱ्यात चाकू घालून पलंगावर उलटा धरला आणि दहा वेळा झटकला, हलला नाही. पाठीला कानस मारली, लेप काढला, तिसऱ्या घासणीला सुकलेल्या नारळाच्या शेंडीनं पेट घेतला. भाचा शेजारीच बसला होता. ठिपके गेले, दोन खड्डे राहिलेत. टाका_टोचा, तळव्याच्या चामड्याला किती जाडी मागू?

टाका_टोचा
तीन मिमी. मधली पट्टी त्याच तुकड्यातून काढा.