स्लीपमधून उठवल्यावर लॅपटॉपचे वाय-फाय परत येत नाही, रीस्टार्ट केल्यावरच येते

पाऊलवाट (प्रश्न):

नमस्कार. गेल्या तीन आठवड्यांपासून माझ्या लॅपटॉपमध्ये एक दोष वारंवार येत आहे. लॅपटॉप सुमारे दोन वर्षे जुना असून त्यावर विंडोज ११ आहे. झाकण लावून तो पाच-दहा मिनिटेच स्लीपमध्ये राहिला, तर उघडताच वाय-फाय आपोआप जोडले जाते. परंतु रात्रभर किंवा चार-पाच तास तसाच राहिला, तर उघडल्यावर उजव्या कोपऱ्यात वाय-फायऐवजी पृथ्वीगोलाचे चिन्ह दिसते आणि उपलब्ध नेटवर्कची यादीच येत नाही. त्याच वेळी फोन त्याच राउटरवर व्यवस्थित चालू असतो, त्यामुळे राउटरवर संशय घ्यायला जागा दिसत नाही.

राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे, नेटवर्क काढून पासवर्ड नव्याने देणे आणि सेटिंग्जमधून संपूर्ण नेटवर्क रीसेट करणे, हे सर्व करून झाले आहे. एका गोष्टीचा उलगडा मात्र अजिबात होत नाही. लॅपटॉप शटडाउन करून पुन्हा सुरू केला, तरी कित्येकदा वाय-फाय गायबच राहते. रीस्टार्ट केले की मात्र हमखास परत येते. मला रोज सकाळी ऑनलाइन वर्ग घ्यावे लागतात आणि आदल्या दिवशी उघडून ठेवलेले सारे साहित्य रीस्टार्टमुळे बंद होते. कृपया मार्गदर्शन करावे.

नवा_वाचक:

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरखाली आपले वायरलेस कार्ड शोधा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट हा टॅब उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणाऱ्या चौकटीतील खूण काढून टाका. त्याचबरोबर पॉवर ऑप्शन्समधील वायरलेस ॲडॅप्टरचा पॉवर सेव्हिंग मोड ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर ठेवा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिल्याच उपायाने काम झाले होते.

तारायंत्र:

आपण शटडाउन आणि रीस्टार्टमधला जो फरक नोंदवला आहे, तोच या प्रश्नातला सर्वांत मोलाचा धागा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना शटडाउन केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) यांची स्थिती डिस्कवर जतन होते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये असे होत नाही. प्रत्येक ड्रायव्हर पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे बिघडलेली अवस्था शटडाउनमधून तगून राहते आणि रीस्टार्टने पुसली जाते. त्यामुळे पासवर्ड, राउटर आणि नेटवर्कच्या नोंदी बाजूला ठेवून कार्ड व त्याचा ड्रायव्हर यांच्याकडेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवा_वाचक यांचा पहिला उपाय करून पाहण्याजोगा आहे. दुसऱ्याबद्दल मात्र थोडे सांगावेसे वाटते, कारण तिथे अनेकांची गल्लत होते. तो पॉवर सेव्हिंग मोड लॅपटॉप जागा असतानाचा आहे. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक संकेत पाठवतो आणि कोणत्या उपकरणासाठी माहिती थांबून आहे ते त्यात कळवतो. दोन संकेतांच्या मधल्या वेळात कार्डाने डुलकी घ्यावी की नाही, एवढेच ते सेटिंग ठरवते. संपूर्ण संगणक स्लीपमध्ये जाऊन परत येणे ही वेगळी घटना आहे.

पुढच्या वेळी दोष दिसला की घाईने रीस्टार्ट करू नका. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून कार्ड यादीत आहे का, असल्यास त्यावर पिवळा त्रिकोण आहे का, आणि प्रॉपर्टीजमध्ये कोणता कोड दिला आहे ते लिहून ठेवा. त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड, मोकळी जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ए’ असे देऊन चालवा. आपला लॅपटॉप स्लीपची कोणती अवस्था वापरतो ते त्यात दिसेल.

पाऊलवाट:

आज सकाळी तसेच केले. कार्ड यादीत आहे, पण त्याच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण आहे आणि आत ‘हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०’ असे लिहिलेले आहे. कार्ड डिसेबल करून पुन्हा एनेबल केले, तेव्हा त्रिकोण क्षणभर गेला आणि लगेच परत आला. पॉवरसीएफजीच्या उत्तरात ‘एस० लो पॉवर आयडल’ उपलब्ध आहे आणि ‘एस३’ उपलब्ध नाही, असे दिसते. नवा_वाचक यांनी सुचवलेला पॉवर मॅनेजमेंट टॅब माझ्याकडे मुळात दिसतच नाही.

तारायंत्र:

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. जुन्या पद्धतीच्या एस३ स्लीपमध्ये मेमरी वगळता जवळपास सर्व भागांची वीज तोडली जाते. आपल्याकडे आहे तो एस०, म्हणजेच मॉडर्न स्टँडबाय. यात संगणक तांत्रिकदृष्ट्या चालूच असतो आणि एकेक उपकरण त्याच्या ड्रायव्हरच्या भरवशावर कमी विजेच्या अवस्थेत जाते. अशा यंत्रांवर तो टॅब बहुधा दिसत नाही, तेव्हा तो शोधत बसू नका. वायरलेस कार्डाची वीज पूर्ण तुटली असेल, तर जागे होताना ड्रायव्हरला कार्डाचे फर्मवेअर (कार्डाच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर) त्यात नव्याने भरावे लागते. ही देवाणघेवाण फसली की कार्ड यादीत दिसते पण सुरू होत नाही, आणि कोड १० येतो. थोड्या झोपेत कार्ड इतक्या खोल अवस्थेला पोहोचत नसावे, म्हणून दहा मिनिटांनंतर सर्व सुरळीत असते आणि रात्रीनंतर बिघडते.

दोष तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाला, हे आपण सांगितले आहे. विंडोज अपडेटच्या इतिहासात ड्रायव्हर अपडेट्स असा वेगळा भाग असतो. त्याच सुमारास वायरलेस ड्रायव्हर बदलला गेला का ते पाहा. बदलला असेल, तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण वापरा. ते फिके दिसत असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर उतरवून घ्या. सर्वांत नवा तोच उत्तम, हा समज इथे सोडून द्यावा.

तोपर्यंत रोजच्या वर्गांची गैरसोय टाळण्यासाठी झाकण लावल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल असे सेटिंग करा. हायबरनेटमध्ये मेमरीतील सर्व काही डिस्कवर जाते आणि कार्डाची वीज खरोखर बंद होऊन ते नव्याने सुरू होते. आपले उघडे साहित्यही शाबूत राहते. लॅपटॉप जागा व्हायला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

उंबरठा:

ज्यांचे कार्ड दिसते, नेटवर्कही जोडलेले दिसते, पण इंटरनेट चालत नाही, त्यांचा दोष वेगळा असतो, म्हणून थोडी भर घालतो. अशा वेळी आपला आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे आणि तो नव्याने मागवावा. पत्ता ठीक असूनही काहीच उघडत नसेल, तर व्हीपीएन चालू आहे का ते पाहावे. जागे झाल्यावर व्हीपीएनची जोडणी पुन्हा होईपर्यंत काही व्हीपीएन बाकीची सारी वाहतूक अडवून धरतात.

लिनक्सवरही कार्ड सुरू न होण्याचा हा दोष दिसतो. तिथे कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये जागे होण्याच्या क्षणाजवळ फर्मवेअरच्या तक्रारी आढळतात आणि ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून पुन्हा भरले की कार्ड बहुधा रीस्टार्टविना परत येते.

पाऊलवाट:

उशिरा लिहीत आहे, कारण खात्री झाल्याशिवाय सांगायचे नव्हते. अपडेटच्या इतिहासात वायरलेस ड्रायव्हरची नोंद सापडली आणि तिची तारीख दोष पहिल्यांदा दिसला त्याच्या आदल्या दिवसाची निघाली. रोल बॅकचे बटण फिके होते, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरील आधीची आवृत्ती बसवली आणि हायबरनेटचे सेटिंग काढून पुन्हा स्लीप ठेवले. तेव्हापासून सलग नऊ रात्री झाकण लावून ठेवले आणि नऊही सकाळी, पासवर्ड टाकून होईपर्यंत वाय-फाय जोडलेले होते.

आता एकच शंका उरते. विंडोज अपडेट तोच नवा ड्रायव्हर पुन्हा बसवणार नाही ना? माझ्याकडे होम आवृत्ती आहे.

तारायंत्र:

बसवू शकतो. प्रो आवृत्तीत अपडेटमधून ड्रायव्हर वगळण्याचे धोरण ग्रुप पॉलिसी संपादकात मिळते. होम आवृत्तीत तो संपादक नसतो. म्हणून चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवा आणि त्याचा आवृत्ती क्रमांक टिपून घ्या. दोष परत आलाच, तर प्रथम तो क्रमांक बदलला आहे का ते पाहा. तसे असेल तर आता रोल बॅकचे बटणही फिके दिसू नये, कारण परत जायला मागची आवृत्ती तिथे असेल.