'मॉडेम बंद करून चालू केला का?' हे सातव्यांदा विचारणाऱ्यांसाठी

संत्राबाग
काल इथे 'हेडफोनवाला' यांची पोस्ट आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार: सॅटेलाइट नेटच्या बहुतेक तक्रारी ग्राहकाच्या घरातच जन्माला येतात, लोक मॉडेम बंद-चालू न करताच 'केलं' म्हणून खोटं सांगतात, आणि जो आवाज चढवतो त्याचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, मागे पडलं तर नवल नाही. खाली अंगठ्यांची रांग. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू.

माझं घर नागपूर जिल्ह्यात, पारशिवनी तालुक्यात, वावरात. भारतनेटची, म्हणजे सरकारी ब्रॉडबँडची, केबल ग्रामपंचायतीत आली आहे, तिथून माझं घर साडेतीन किलोमीटर. मोबाइलला एक दांडी येते, तीही गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. म्हणून डिश बसवली. मुलगी घरून काम करते, आमची हौस नव्हती.

गेले अकरा दिवस नेट धड नाही. सहा फोन झाले. सहाही वेळा मॉडेम बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा. सहाव्यांदा मी मोजत होतो तेव्हा बायको म्हणाली, एवढ्या मनापासून श्रावणात जप केला असता तर देव तरी आला असता.

मी सव्वीस वर्षं वीज खात्यात काढली. दिवा लागला आहे की लुकलुकतो आहे एवढं मला कळतं. पहिल्याच फोनला सांगितलं की रिसीव्हचा (सिग्नल घेण्याचा) दिवा ठाम आहे आणि ट्रान्समिटचा (पाठवण्याचा) लुकलुकतो आहे. उत्तर मिळालं, "सर, एकदा सगळेच दिवे बंद करून बघू." आणि तीनदा मेसेज आला की तुमची समस्या सुटली आहे, तिकीट बंद करत आहोत. कोणाची सुटली?

आवाज चढवला का? हो, चढवला. चौथ्या फोनला.

हेडफोनवाला
काका, पोस्ट माझीच आहे आणि मी मागे घेत नाही. चार वर्षं कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केली आहे. आता खामल्यात दुकान आहे, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचे पैसे मला मिळत नाहीत.

तुम्हाला वाटतं समोरचा ऐकत नाही. त्याच्या पडद्यावर प्रश्न क्रमाने येतात. पहिल्याचं उत्तर भरल्याशिवाय दुसरा उघडतच नाही. तुम्ही दिव्याचं जे सांगितलं त्याला पहिल्या पानावर रकानाच नसतो. वर घड्याळ चालू असतं, कॉल लांबला की शिफ्ट संपताना साहेबासमोर उभं राहावं लागतं.

आणि लोक खोटं बोलतात. एक काका मला म्हणाले, मॉडेम आत्ताच बंद-चालू केला. तेवढ्यात मागून आवाज, "अहो, लाईन आली का?" घरात वीजच नव्हती.

संत्राबाग
म्हणजे एका काकांच्या पापाची फेड मी अकरा दिवस करायची.

काटोलचा पोट्टा
ते सगळं सोडा, पिंगबद्दल, म्हणजे विनंती जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळाबद्दल, कोणी बोलून राहिलं नाही. मला साडेसहाशे मिलिसेकंद येतो. कंपनीला विचारलं तर म्हणे नॉर्मल आहे. नॉर्मल? मी गोळी झाडतो तेव्हा समोरचा मला मारून जेवायला गेलेला असतो.

डिशवाला बुटीबोरी
नॉर्मलच आहे, दादा. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. तुझी विनंती वर, खाली, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळपास अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो, बाकीचा वेळ यंत्रांचा. यात बिघाड काही नाही, देवाचा भूगोल आहे. गेम खेळायचा तर शहरात बर्डीवर मावशीकडे जा.

काटोलचा पोट्टा
स्टारलिंक येऊ द्या मग. त्यांचे उपग्रह पाच-साडेपाचशे किलोमीटरवरच आहेत. २०२५ च्या जूनमध्ये परवाना मिळाला, राज्य सरकारनं करारपत्रही केलं.

हेडफोनवाला
ते सरकारी जागांसाठीचं इरादापत्र आहे, तुझ्या संत्र्याच्या बागेसाठीचं नाही. आणि आलं तरी मदत बहुतेक ॲपमधल्या तिकिटावरच मागावी लागेल. तिथे आवाज चढवायलाही कोणी नसेल.

धरमपेठी
डिशवाल्यांना एक प्रश्न. मागच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बेसा रोडवरच्या आमच्या गोडाऊनचं नेट सलग पाच दिवस दुपारी साडेबाराच्या सुमारास सात-आठ मिनिटं जायचं आणि आपोआप यायचं. फोनवर त्यांनी मॉडेम तीनदा बदलायला लावला. इंजिनियर आला, भेटीचे पैसे घेतले, 'लूज कनेक्शन' लिहून गेला. तोवर नेट जाणं आपोआप थांबलंही होतं. माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही.

डिशवाला बुटीबोरी
लूज इंजिनियर होता. ते सूर्यामुळे होतं. वर्षातून दोनदा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, डिश सूर्याकडेच बघते आणि सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. आपल्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबर लागताना. रोज जास्तीत जास्त आठ-दहा मिनिटं, पाच-सहा दिवस. टीव्हीच्या डिशलाही होतं, तेव्हा आपण केबलवाल्याला शिव्या देतो. वेळ घड्याळासारखी येते हीच खूण. कंपनीला तारखा आधीपासून माहीत असतात, पण फोन उचलणाऱ्या पोराला कोणी सांगत नाही.

धरमपेठी
म्हणजे मी सूर्यासाठी साडेसातशे रुपये भरले.

वऱ्हाडी ठेचा
काका, तुमचं तिकीट तीनदा काऊन बंद झालं ते मी सांगतो. तुम्ही मराठीचं बटन दाबलं असन. मायासंगही हेच झालं. मी म्हणलं, "नेट येऊन-जाऊन राहिलं." पोरगी म्हणे, "येतंय ना सर मग?" म्हणलं, "येऊन राहिलं, पण टिकून नाही राहिलं." दहा मिनिटांत मेसेज: ग्राहकाने नेट येत असल्याचे कळवले आहे. तिकीट खल्लास. तवापासून मी हिंदीचं बटन दाबतो. "आना-जाना कर रहा है" म्हणलं का ते समजते.

संत्राबाग
अरे देवा. मीही हेच वाक्य बोललो होतो. शब्दशः.

कोथरूडकर
राग मानू नका, पण फोनवर प्रमाण मराठी बोलायला काय अडचण आहे? 'नेट सारखं खंडित होतंय' म्हटलं की विषय संपला. समोरच्या मुलीने राज्यातली प्रत्येक बोली शिकावी ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

वऱ्हाडी ठेचा
घ्या! आता नेट गेलं का आधी व्याकरण उघडा. साहेब, मी पैसे प्रमाण रुपयांतच भरतो ना? का नागपूरच्या नोटा वेगळ्या हायेत?

कोथरूडकर
विषय पैशांचा नाही, संवादाचा आहे. मी कोल्हापूरला गेलो तर तिथल्यासारखं बोलायचा प्रयत्न करतो.

वऱ्हाडी ठेचा
मी कुठं गेलो बाप्पा? मी माया घरी बसून फोन केला!

धरमपेठी
यात एक गोष्ट लक्षात घ्या. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. घरात मराठी, बाजारात हिंदी हे आमच्या आजोबांपासूनचं आहे. त्यामुळे इथल्या माणसाला हिंदीचं बटण दाबताना काहीच वाटत नाही. पण मराठीचं बटण ठेवायचं, त्यावरून जाहिरात करायची, आणि पलीकडे 'करून राहिलो' म्हणजे काय हे न कळणारा माणूस बसवायचा? 'करून राहिलो' म्हणजे करतो आहे. एवढं अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणात सांगता येतं.

कोथरूडकर
ठीक आहे, अर्धा तास मान्य. पण मग मालवणीला अर्धा तास, अहिराणीला अर्धा तास…

धरमपेठी
हो. अर्धा-अर्धा तास. जमत नसेल तर बटणावर 'पुणेरी मराठीसाठी दोन दाबा' असं लिहा.

मिहानवासी
मुळात विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारापासून आपल्याला काय मिळालं हा खरा प्रश्न आहे. वर्षाला एक अधिवेशन आणि हुरडा पार्टी. बाकी रस्ते, सिंचन, नोकऱ्या, सगळा अनुशेष. कॉल सेंटरमध्ये आपली पोरं का नाहीत? कारण…

काटोलचा पोट्टा
झालं. डिशच्या धाग्यात नागपूर करार आला. आता बारा वाजेपर्यंत वेगळा विदर्भही येते.

मिहानवासी
हसा. तुमच्या पिढीला हसायलाच येतं.

हेडफोनवाला
कॉल सेंटरमध्ये आपली पोरं होती. मी होतो. आणि सांगतो, पहिल्या महिन्यात मलाच साहेबांनी झापलं, 'येऊन राहिलं' बोलू नका, ग्राहकाला कळत नाही म्हणून. ग्राहक नागपूरजवळच्या हिंगण्याचा होता.

ग्राहकताई
विदर्भ वेगळा होईपर्यंत काकांचं नेट बंद राहणार का? थोडं कामाचं बोलते.

पहिलं, प्रत्येक फोनला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागा आणि लिहून ठेवा. ट्राय म्हणजे टेलिकॉम नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. फुकट आहे. त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिकीट बंद केलं म्हणजे तक्रार सुटली असं होत नाही, पण तुम्ही गप्प बसलात तर त्यांच्या कागदावर ते तसंच दिसतं. शिवाय १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मिहानवासी
काही उपयोग नाही. टेलिकॉमचं ग्राहक मंचात चालतच नाही. माझ्या मेव्हण्याला वकिलांनी परत पाठवलं.

ग्राहकताई
मेव्हण्यांना कोणत्या साली परत पाठवलं? २००९ च्या एका निकालामुळे तसं मानत असत. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की टेलिकॉम सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते. आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. सेवेसाठी भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी शून्य.

मिहानवासी
२०१७ साली. बरं, असेल. मेव्हण्याला सांगतो. ऐकणार नाही.

डिशवाला बुटीबोरी
काका, आयोग राहू द्या, आधी गच्चीवर जा. तुम्ही वर एक वाक्य लिहिलं ते सगळ्यांनी ओलांडलं. रिसीव्ह ठाम, ट्रान्समिट लुकलुकतो. म्हणजे डिश उपग्रहाकडे बरोबर बघते आहे, दिशा हलली असती तर रिसीव्ह आधी गेला असता. पावसाचंही नाही, पावसानं पडलेला सिग्नल ढग गेले की परत वर येतो. तुमचं घर ऐकतं आहे, पण बोलू शकत नाही. मॉडेम शंभरदा बंद करा, ते बोलणार नाही.

डिशपासून दोन केबल येतात का? जी ट्रान्समिटची, तिच्या वरच्या टोकाचा कनेक्टर बघायचा. आधी मॉडेमचा प्लग काढा, त्या केबलमधून वर वीज जाते. आणि मॉडेम चालू असताना डिशच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. कनेक्टरवर काळी रबरी टेप आहे का ते सांगा.

संत्राबाग
सव्वीस वर्षं वीज खात्यात होतो. प्लग काढायचं मला सांगू नका. जातो वर.

वऱ्हाडी ठेचा
माकडं असतील तर काठी घेऊन जा काका. पेंचकडची लय खोडील हायेत.

कोथरूडकर
'खोडील' म्हणजे?

वऱ्हाडी ठेचा
अर्ध्या तासाचं प्रशिक्षण घ्या.

संत्राबाग
खाली आलो. टेप नाही. कधी नव्हतीच, बसवताना लावलीच नव्हती. कनेक्टर उघडला तर आतली तार हिरवी, बोटाला पूड लागली. पाणी शिरून गंजलं आहे. केबल दोन इंच कापली, जुन्या टीव्हीच्या डिशचा एक कनेक्टर पडला होता तो बसवला, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

ट्रान्समिटचा दिवा ठाम.

हेडफोनवाला
म्हणजे बिघाड ग्राहकाच्याच घरी निघाला. मी फक्त नोंद करतो.

संत्राबाग
घरी नाही, गच्चीवर. आणि टेप न लावता निघून गेलेला माणूस कंपनीचा होता, माझ्या घरचा नव्हता. तरी जा, अर्धा मार्क तुम्हाला. मॉडेम बंद-चालू करण्यासाठी नाही, रकान्याचं खरं सांगितलंत म्हणून. त्या मुलीवर मी ओरडायला नको होतं. तिच्या पडद्यावर दिवाच नव्हता.

डिशवाला बुटीबोरी
पावसाळ्याआधी ट्यूब काढून खरी टेप लावा, बुटीबोरी-बर्डी कुठेही पन्नास-साठ रुपयांत मिळते. ट्यूब उन्हात तडकते.

वऱ्हाडी ठेचा
काका, मंग आता नेट येऊन राहिलं का?

संत्राबाग
येऊन राहिलं. मुलीची मीटिंग चालू आहे. चौथं तिकीट मात्र अजून उघडं आहे. आत्ताच मेसेज आला, इंजिनियर सोमवारी येतो म्हणतात, तोवर मॉडेम बंद करून चालू करून बघा.